कोकणात शालेय सॉफ्टबॉल-बेसबॉलचा पंच व्हायचंय? मग असं सुरू करा

पावसाचा जोर ओसरायला लागला की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं शालेय स्पर्धांचं वेळापत्रक शाळांच्या हाती पडतं आणि पी.टी.च्या सरांची पळापळ सुरू होते. कबड्डी, खो-खोला पंच गावोगाव मिळतात. क्रिकेटला तर अंपायर व्हायला अर्धी वाडी तयार असते. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचं तसं नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडात हे खेळ खेळणारी मुलं-मुली आहेत, पण नियम पुरते माहीत असलेला आणि दोन्ही संघांशी काही देणंघेणं नसलेला पंच बऱ्याचदा सामन्याच्या सकाळी शोधावा लागतो. मग ज्याचा संघ खेळतोय त्याच शाळेच्या शिक्षकाला उभं केलं जातं. तो कितीही सरळ असला तरी समोरच्या पालकांच्या मनात शंका राहतेच.

मुलांच्या दृष्टीने हा निर्णय किरकोळ नसतो. शालेय स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे क्रीडा सवलत गुण अवलंबून असतात आणि पुढे महाराष्ट्रात शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचाही संबंध येतो. होम प्लेटवरचा, म्हणजे रनरची फेरी जिथे पूर्ण होते त्या पाटीवरचा, एक चुकीचा ‘आउट’ एखाद्या मुलीची विभागीय स्पर्धा हिरावून घेऊ शकतो. म्हणून इथे, आपल्याच तालुक्यात, परीक्षा देऊन तयार झालेले पंच हवेत असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी: बी.पी.एड. झालेले, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेले, क्रिकेटची अंपायरिंग करून कंटाळलेले आणि विशेषतः महिला. मुलींच्या संघांची संख्या चांगली असूनही महिला पंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतात.

आधी व्यवस्था समजून घ्या

पंचाचं ‘लायसन्स’ सरकारी कार्यालयात मिळत नाही. ते खेळाची संघटना देते. सॉफ्टबॉलसाठी देशपातळीवर सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया आहे, बेसबॉलसाठी अमॅच्युअर बेसबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. दोन्हींच्या खाली राज्य संघटना आणि त्यांच्या खाली जिल्हा संघटना. जागतिक पातळीवर मात्र दोन्ही खेळ २०१३ पासून एकाच छत्राखाली आहेत. ती वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशन, म्हणजे डब्ल्यूबीएससी. दोन खेळांच्या परीक्षा वेगळ्या, नियमपुस्तकं वेगळी, पंचांच्या याद्याही वेगळ्या.

शालेय स्पर्धा शासनाचा क्रीडा विभाग भरवतो. त्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्ह्यातून जिंकलेला संघ विभागावर जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, रायगड मुंबई विभागात. या स्पर्धांना लागणारे पंच क्रीडा कार्यालय बहुधा जिल्हा संघटनेकडूनच मागवतं. त्यामुळे तुमचं नाव दोन्हीकडे माहीत असायला हवं.

पहिलं काम सोपं आहे. जिल्हा क्रीडा संकुलात जा, क्रीडा कार्यालयातून सॉफ्टबॉल व बेसबॉलच्या जिल्हा सचिवांचा संपर्क घ्या आणि पंच शिबिर व परीक्षा कधी आहे ते विचारा. फोनवर न भागवता एकदा समक्ष भेटाच. पंच म्हणून काम करायची इच्छा सांगणारा साधा अर्ज, आधार कार्डाची प्रत, शैक्षणिक कागदपत्रं, खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि चार फोटो अशी फाइल तयार ठेवा. तुमच्या जिल्ह्यात शिबिर होत नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात किंवा राज्य पातळीवर होणाऱ्या शिबिराला जिल्हा संघटनेच्या शिफारसपत्रावर जाता येतं का, हेही तेव्हाच विचारून घ्या. वय, शुल्क आणि पात्रतेच्या अटी परिपत्रकात असतात. ते परिपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दोन्हींपैकी कुठल्या खेळापासून सुरुवात करावी? माझं मत स्पष्ट आहे: सॉफ्टबॉल. मैदान लहान लागतं, मुलींचे संघ जास्त मिळतात आणि खेळ वेगवान असल्यामुळे डोळा लवकर तयार होतो. त्या पायावर बेसबॉल घेणं सोपं जातं.

नियमपुस्तक कसं वाचायचं

डब्ल्यूबीएससीच्या संकेतस्थळावर सॉफ्टबॉलचं नियमपुस्तक मोफत मिळतं. बेसबॉलचे अधिकृत नियमही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. चालू वर्षाची आवृत्ती उतरवून घ्या, छापून बाइंड करा आणि व्याख्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करा. बहुतेक जण व्याख्या सोडून थेट ‘बॅटर केव्हा आउट’ इथे जातात आणि पुढे अडकतात. फाउल टिप आणि फाउल बॉल यांतला फरक, फोर्स आउट म्हणजे नेमकं काय, ऑब्स्ट्रक्शन कोण करतं आणि इंटरफिअरन्स कोण, ही सगळी उत्तरं व्याख्यांमध्येच आहेत.

मापं तोंडपाठ हवीत. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं (रनरने एकामागून एक गाठायच्या ठाण्यांमधलं) अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. पिचिंगचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पिचरपासून होम प्लेटचं अंतर मोठ्या महिलांसाठी ४३ फूट (१३.११ मीटर) आणि पुरुषांसाठी ४६ फूट (१४.०२ मीटर). लहान गटांत ते कमी असू शकतं, ते स्पर्धेच्या परिपत्रकात बघायचं. सामना ७ इनिंगचा. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये बेस ९० फुटांवर (२७.४३ मीटर), पिचरची पट्टी ६० फूट ६ इंचांवर आणि इनिंग ९. होम प्लेट दोन्हीकडे पाच कोनांची आणि १७ इंच रुंद. अमेरिकेत १९३९ साली सुरू झालेल्या लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुलं ६० फुटांच्या बेसवर आणि ४६ फुटांच्या पिचिंगवर बेसबॉल खेळतात. मुलांसाठी मैदान कसं लहान करायचं याचा तो चांगला नमुना आहे.

मापं पाठ झाली की दोन खेळांतला सगळ्यात मोठा फरक पक्का करा. बेसबॉलमध्ये रनर पिचच्या आधीच बेस सोडून पुढे सरकू शकतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवर पाहिजे. लवकर सुटला तर रनर आउट, बॉल डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबतो. बेस पंचाने हे प्रत्येक पिचला बघायचं असतं आणि मुलांच्या सामन्यात ते वारंवार घडतं.

आपल्याकडचा नवा पंच बहुधा क्रिकेट डोक्यात घेऊन येतो. त्याचा फायदा होतो, तसा अडथळाही. रन-आउट समजणाऱ्याला फोर्स आउट पाच मिनिटांत समजतो: मागून रनर येतोय म्हणून पुढच्याला बेस सोडावाच लागतो, अशा वेळी बॉल घेऊन बेसला पाय लावला की पुरे. मागून रेटा नसेल तर रनरला बॉलने स्पर्श करावाच लागतो. अडचण येते ती अपीलमध्ये. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय अंपायर आउट देत नाही, इथे बहुतेक आउट पंच स्वतःहून देतो. पण काही गोष्टी इथेही अपीलशिवाय द्यायच्या नसतात: रनरने बेसला पाय न लावता पुढे जाणं, झेल पकडला जाण्याआधीच बेस सोडणं, बॅटिंगचा क्रम चुकणं. तुम्हाला चूक दिसली तरी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने रीतसर अपील करेपर्यंत चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. क्रिकेटवाल्यांना आणखी एक गोष्ट चकवते. दोन स्ट्राइक (बॅटरने हुकवलेले किंवा न मारता सोडलेले योग्य पिच) झाल्यावर फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला बॉल साधारणपणे तिसरी स्ट्राइक धरत नाहीत, पण त्याच वेळी बंट मारून (बॅट न फिरवता बॉल हलकेच टेकवून) फाउल गेला तर बॅटर आउट.

दोन नियमांवर जास्त वेळ घालवा, कारण परीक्षेत आणि मैदानात तेच विचारले जातात. पहिला इनफिल्ड फ्लाय. दोनपेक्षा कमी आउट असताना पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर आहेत, किंवा तिन्ही बेस भरलेत, आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) सहज पकडता येईल असा फेअर, म्हणजे रेषेच्या आतला, झेल वर उडाला, तर झेल पकडो वा सुटो, बॅटर आउट. सरळ सपाट फटका आणि बंट यांना हा नियम लागत नाही. कारण साधं आहे: नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडून दोन रनर बाद करील. बॉल उडाल्या उडाल्या हात वर करून मोठ्याने सांगायचं: ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आउट!’ बॉल रेषेजवळ असेल तर ‘इफ फेअर’ जोडायचं. बॉल मात्र जिवंत राहतो आणि रनर आपल्या जबाबदारीवर पळू शकतात.

दुसरा सुटलेला तिसरा स्ट्राइक. पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर कॅचरने (प्लेटमागच्या खेळाडूने) तिसरा स्ट्राइक झेलला नाही की बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. अशा वेळी स्ट्राइकची खूण करा, पण ‘बॅटर आउट’ ओरडू नका. तुमच्या त्या एका शब्दाने मुलगी जागेवर थांबते आणि तिचा हक्क जातो. सगळ्यात लहान गटांत काही स्पर्धा हा नियम लावत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या.

सामान काय लागतं

प्लेटमागे उभं राहणाऱ्या पंचाला गळ्याच्या संरक्षणासह मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, लेग गार्ड आणि पुरुषांसाठी अॅब्डॉमिनल गार्ड लागतं. यात काटकसर करू नका. १४ वर्षांखालच्या पिचरचा बॉल सावकाश येतो खरा, पण त्याच वयाचा कॅचर तो सोडतोही जास्त आणि सुटलेला बॉल थेट तुमच्यावर येतो. सुरुवातीला जिल्हा संघटनेकडचा किंवा शाळेकडचा संच मापाला बसतो का बघा, मास्क मात्र स्वतःचा घ्या. दुसऱ्याच्या मास्कच्या घामट पट्ट्या दमट हवेत दोन दिवसांत कुजक्या वास मारतात आणि सैल मास्क बॉल लागला की फिरतो.

बाकी खर्च थोडा: ‘बॉल’ (स्ट्राइक न ठरलेला, झोनबाहेरचा पिच), स्ट्राइक आणि आउट मोजायचा इंडिकेटर, प्लेट झाडायचा छोटा ब्रश, कमरेला बॉलची पिशवी, संघटनेने सांगितलेल्या रंगाचा शर्ट, करडी किंवा गडद निळी पँट आणि काळे बूट. इंडिकेटर डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा हात निर्णयासाठी मोकळा राहतो. निदान ३० मीटर (बेसबॉलसाठी ४० मीटर) मोजणारा टेप तुमचा स्वतःचा असू द्या. का ते पुढे येईल.

शरीराला शिकवायच्या गोष्टी

नियम पाठ झाले म्हणून पंच तयार होत नाही. उभं कुठे राहायचं, कधी बघायचं आणि किती थांबून बोलायचं हे अंगात मुरावं लागतं.

प्लेट पंचाची जागा बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत. तुमचं डोकं स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेच्या पातळीवर हवं आणि बॉल येताना ते स्थिर राहायला हवं, फिरतात ते फक्त डोळे. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल जाईपर्यंत बघा, एक क्षण थांबा, मग बोला. नवा पंच घाई करतो आणि बॉल प्लेटवर पोचायच्या आधीच त्याचा हात वर जातो. झोन साधारण काखेपासून गुडघ्यापर्यंत आणि प्लेटच्या रुंदीचा. नेमकी वरची-खालची हद्द तुमच्या खेळाच्या चालू आवृत्तीत बघून ठेवा, कारण सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या व्याख्या सारख्या नाहीत. बुटक्या मुलीचा झोन बुटका असतो. दोन्ही संघांना आणि पहिल्या इनिंगपासून शेवटपर्यंत झोन एकच राहिला, तर कोच फारशी कुरकुर करत नाहीत.

खुणा मोजक्या आहेत. स्ट्राइकला उजवी मूठ. बॉलला खूण नाही, फक्त तोंडी. आउटला उजवी मूठ, सेफला दोन्ही हात आडवे पसरून. फाउलला दोन्ही हात वर आणि मोठ्याने ‘फाउल बॉल’. फेअर बॉलला तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसता हात मैदानाच्या आत दाखवायचा, कारण रेषेजवळ ‘फेअर’ आणि ‘फाउल’ ऐकायला फसवतात. ऑब्स्ट्रक्शन झालं, म्हणजे क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवली, तर डावा हात आडवा धरून ठेवायचा आणि खेळ पुढे चालू द्यायचा. आरशासमोर रोज सराव करा. ओठांवर रेंगाळलेला आणि अर्धवट उचललेला निर्णय बरोबर असला तरी लोक तो चूक धरतात.

आता पहिल्या बेसवरचा चुरशीचा निर्णय जरा जवळून बघू, कारण सामन्यात सर्वांत जास्त वेळा तोच द्यावा लागतो. बेसवर कोणी नाही. तुम्ही बेस पंच, पहिल्या बेसच्या पलीकडे फाउल रेषेच्या बाहेर, गुडघे किंचित वाकवून उभे. बॉल शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) घरंगळत गेला. आता मैदानाच्या आत चार-पाच पावलं सरका, अशी की थ्रो येण्याची दिशा आणि तुमची नजर यांच्यात जवळपास काटकोन होईल. बेसपासून साधारण ५ मीटरवर थांबा. पळत पळत निर्णय देऊ नका. थ्रो हातातून सुटला आणि सरळ आहे हे कळलं की नजर त्यावरून काढून थेट बेसवर लावा, रनरचा पाय जिथे पडणार आहे तिथे. बॉल ग्लोव्हमध्ये आल्याचं कानाने कळतं: ‘फट्’. पाय डोळ्याला, बॉल कानाला. ‘फट्’ आधी की पाय आधी, एवढाच प्रश्न. दोन्ही एकाच वेळी आलं असं वाटलं तर, बॉल आधी आला नव्हता, म्हणून सेफ. मग फर्स्ट बेसमनच्या हातात बॉल पक्का आहे का, त्याचा पाय बेसवरून सुटला का, हे बघा आणि त्यानंतरच हात उचला. हा एका श्वासाचा उशीर कोणाला खुपत नाही. दिलेला निर्णय मागे घेणं मात्र सगळ्यांना खुपतं.

पावसाळी हवेत भिजलेल्या चामड्यावर तो ‘फट्’ मंद येतो. प्रेक्षक ओरडत असतील तर ऐकूच येत नाही. अशा दिवशी थोडं जवळ, पण त्याच कोनात थांबा. अंतर कमी करण्याच्या नादात कोन गमावू नका.

सॉफ्टबॉलमध्ये पहिला बेस दुहेरी असतो. पांढरा भाग फेअर बाजूला, रंगीत भाग फाउल बाजूला. थ्रो येत असेल तर फिल्डरने पांढऱ्यावर आणि बॅटर-रनरने रंगीत भागावर पाय टाकायचा. शाळेत हा बेस नसेल तर तो मागवायला लावा. धडक टाळण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

टॅग खेळात (रनरला बॉलने स्पर्श करावा लागतो तिथे), म्हणजे चोरलेल्या दुसऱ्या बेसवर किंवा होमवर, ३-४ मीटरपर्यंत जवळ जायचं आणि ग्लोव्ह व रनरचं अंग यांच्यातली फट दिसेल अशी जागा धरायची. फिल्डरच्या पाठीमागे अडकलात तर अंदाजाने निर्णय द्यावा लागतो.

दोन पंचांच्या पद्धतीत कोण काय बघणार हे सामन्याआधी दहा मिनिटं बोलून ठरवा. फेअर-फाउल, बॉल-स्ट्राइक आणि होम प्लेट हे प्लेट पंचाचं. पहिल्या-दुसऱ्या बेसवरचे निर्णय साधारण बेस पंचाचे. तिसऱ्या बेसवर कोण धावणार, आउटफिल्डमधला अवघड झेल कोणी बघायचा, चेक स्विंगबद्दल (बॅटरने अर्ध्यात रोखलेल्या बॅटबद्दल) एकमेकांना कसं विचारायचं, हे ठरलं नसेल तर एकाच खेळावर एक ‘आउट’ आणि एक ‘सेफ’ असं होतं, आणि त्यातून वाट काढताना नव्या पंचाच्या तोंडचं पाणी पळतं.

सराव कुठे करायचा

सुरुवात स्कोअरशीट भरण्यापासून करा. पंच शिबिरात हे कोणी सांगत नाही, पण एक अख्खा मोसम स्कोअरर म्हणून बसलेल्या माणसाला खेळाचा क्रम, बदली खेळाडूंचे नियम आणि वादाच्या जागा आपोआप कळतात. त्याच मोसमात जवळच्या शाळेत पिचरचा सराव चालू असताना मास्क घालून कॅचरमागे उभे राहा. बॅटर नसला तरी चालेल. रोज शंभरेक पिच बघा, मनात निर्णय घ्या, मग कॅचरला विचारा. त्यानंतर आंतरवर्गीय सामने, मग तालुका पातळी.

जिथे सामानच नाही अशा शाळेत बेसबॉल फाइव्ह खेळवा. पाच-पाच खेळाडू, पाच इनिंग, एक रबरी बॉल आणि बॅट म्हणून स्वतःचा हात. डब्ल्यूबीएससीनेच आणलेला हा प्रकार शाळेच्या फरशीवरही होतो, आणि अर्ध्या तासात फोर्स आउटचे इतके निर्णय द्यावे लागतात की पहिल्या बेसचा डोळा त्यातच तयार होतो.

परीक्षा

परीक्षेत साधारणपणे लेखी प्रश्न, तोंडी प्रश्न आणि मैदानावरचं प्रात्यक्षिक असतं. लेखीत प्रसंग देऊन निर्णय विचारतात. उत्तरात आधी निर्णय लिहा, मग रनर कुठे ठेवणार ते, मग बॉल जिवंत की डेड. हा तिसरा मुद्दा बरेच जण विसरतात. प्रात्यक्षिकात परीक्षक तुमचा आवाज, जागा आणि थांबणं बघतात. प्लेट झाडताना मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड, ही जुनी रीत पाळा.

उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्राची प्रत जिल्हा संघटनेला आणि क्रीडा कार्यालयाला द्या, नूतनीकरण केव्हा करायचं ते विचारून ठेवा.

कोकणातल्या मैदानावर, सामन्याच्या दिवशी

सामन्याच्या तासभर आधी पोचा. एस.टी.चा भरवसा धरायचा तर आदल्या गाडीने निघा. मैदान स्वतः मोजा. आयोजकांनी पावलांनी मोजलेलं मैदान मी कधीच ग्राह्य धरत नाही. पद्धत अशी: होम प्लेटच्या मागच्या टोकाला टेप धरून मध्यरेषेवर सॉफ्टबॉलसाठी २५.८६ मीटरवर दुसऱ्या बेसची खूण करा (९० फुटी बेसबॉलसाठी ३८.७९ मीटर). मग एक टेप होमपासून आणि एक दुसऱ्या बेसपासून, दोन्ही १८.२९ मीटर ओढा. जिथे मिळतील तिथे पहिला बेस. तसंच तिसऱ्या बाजूला. दोन टेप नसतील तर १८.२९ मीटरवर गाठ मारलेली न ताणणारी दोरी चालते. पहिली आणि तिसरी बेसची पिशवी रेषेच्या आत बसवायची, दुसरीचा मध्य खुणेवर. पिचिंगचं अंतर प्लेटच्या मागच्या टोकापासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत.

रेषा आखायला फक्की वापरा. कळीचा चुना मारू देऊ नका, घसरलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर इजा होते. सड्यावरच्या मैदानात मातीचा थर पातळ असतो आणि खाली जांभ्याचा कातळ. बेसच्या आसपास दोन मीटरपर्यंत खडे वेचायला लावा. कातळ उघडा पडला असेल तर बेस सरकवा किंवा मैदान नाकारा, तो अधिकार तुमचा आहे. लाल धुळीने प्लेट सारखी झाकते, म्हणून प्रत्येक बॅटरमागे नजर टाका.

बऱ्याच मैदानांना कुंपण म्हणजे चिऱ्याचा गडगा, आणि कडेला आंबा-माडांच्या फांद्या आत आलेल्या. सामन्याआधी दोन्ही कर्णधार आणि कोच यांना बोलावून हे नियम ठरवून टाका. फेअर बॉल टप्पा घेऊन गडग्याबाहेर गेला तर दोन बेस. सॉफ्टबॉलमध्ये थ्रो बाहेर गेला तर बॉल सुटला त्या वेळी रनर जिथे होते तिथून दोन बेस. फांदीला लागलेल्या बॉलचं काय करायचं तेही सगळ्यांसमोर बोला. नंतर वाद उकरून काढायला जागाच उरत नाही.

पाऊस भुरभुरत असेल तर खेळता येतं, पण पिचरच्या हातातून बॉल निसटायला लागला की थांबवा. परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट ठरलेलाच असतो. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना झाडाखाली नव्हे, शाळेच्या पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर ठेवा, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. आयोजक घाई करतील, उद्या दुसरा खेळ आहे म्हणतील. तरी थांबा.

मुलांशी वागताना

खेळ सुरू होण्याआधी हेल्मेट तपासा, दोन्ही कान झाकणारं हवं. कॅचरचं पूर्ण संरक्षण, बॅटची पकड, बॅटला तडा किंवा खळगा, आत काही खुळखुळतंय का, हे बघा. धातूच्या खिळ्यांचे बूट लहान गटांत चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढायला लावताना आवाज चढवू नका.

बेसबॉलमध्ये पिचरच्या खांद्याची काळजी घेणं पंचाच्याही लक्षात असावं. लिटल लीगच्या नियमांत एका दिवसात ९-१० वर्षांच्या मुलाने ७५, ११-१२ वर्षांच्याने ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्याने ९५ पिचपेक्षा जास्त टाकायचे नाहीत, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. आपल्या स्पर्धेत असा नियम नसला तरी हे आकडे कोचला सांगायला काही हरकत नाही. मोजणी स्कोअररला करायला सांगा.

लहान गटात नियम समजावून सांगणं हाही तुमच्या कामाचा भाग आहे. मुलगी बेस सोडून लवकर पळाली तर आउट द्या, आणि इनिंग संपल्यावर दोन वाक्यांत कारण सांगा. मुलांना हात लावून जागा दाखवू नका, बोलून दाखवा. कपडे बदलायच्या खोलीत जाऊ नका, कोणाचेही फोटो काढू नका, एकट्या मुलाला गाडीवरून घरी सोडू नका. पॉक्सो कायदा २०१२ सालापासून लागू आहे. काही वावगं दिसलं तर आयोजकांना सांगून गप्प बसणं पुरेसं नाही, कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. मदतीचा क्रमांक १०९८.

कोच धावत आला तर त्याला बोलू द्या. तुमच्या नजरेचा निर्णय, म्हणजे सेफ-आउट, बॉल-स्ट्राइक, यावर निषेध नोंदवता येत नाही. नियमाचा अर्थ चुकला असेल तर मात्र तो अर्ज करू शकतो, आणि नियमपुस्तक पिशवीत असेल तर तुम्हालाच खात्री करता येते. चुकीचा नियम लावला असेल तर पुढचा पिच पडण्याआधी दुरुस्त करा. बाहेरून ओरडणाऱ्या पालकांना उत्तर देऊ नका, त्यांच्या संघाच्या व्यवस्थापकाकडे बोट दाखवा. तुमचं मूल किंवा तुमची शाळा खेळत असेल तर तो सामना घेऊच नका, सामन्यांची भाग्यपत्रिका (ड्रॉ) लागल्या लागल्या कळवून टाका.

मानधन आणि प्रवासभत्ता किती, कधी मिळणार, हे नेमणूक घेतानाच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्कम मोठी नसते. पोट या कामावर चालणार नाही हे आधीच धरून चला.

पुढची वाट

दोन-तीन मोसम जिल्हा आणि विभागीय पातळीवर काढले की राज्य स्पर्धांसाठी नाव द्या, मग राष्ट्रीय पंच परीक्षा. प्रत्येक सामन्यानंतर वहीत तारीख, गट, तुमची जागा आणि अडलेला एक प्रसंग लिहा. पुढच्या अर्जाला अनुभवाचा पुरावा लागतो तेव्हा ही वही आणि नेमणूकपत्रं कामाला येतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही खेळ परत येत आहेत, त्यामुळे पुढची काही वर्षं शाळांकडून विचारणा वाढेल असा माझा अंदाज आहे.

या वर्षी सुरुवात करायची असेल तर पावसाआधीचे दिवस सोडू नका. मे महिन्यात नियमपुस्तक आणि मापं, जून-जुलैत घरात खुणा आणि आरसा, ऑगस्टपासून मैदानात स्कोअरशीट. आणि जिल्हा सचिवांना पहिली भेट शाळा सुरू व्हायच्या आधीच द्या, कारण नेमणुकांच्या याद्या तेव्हाच बनायला लागतात.